जंगल कुणाच्या हिशेबात?

22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातल्या सुमारे 86 हजार हेक्टर जमिनीचा निकाल लावला. महसुली दप्तरात ही जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ती तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहे. जुन्या मध्य प्रांताच्या कागदांतून ही नोंद चालत आली. गुरं चारायची, काटक्या आणायच्या, अशी ही गावाच्या कामाची जागा. कुठे खुरटी झुडपं, कुठे नुसताच मुरूम. पुढे यातल्या बऱ्याच जागांवर शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, घरं झाली, स्मशानं झाली. न्यायालय म्हणालं, हे सगळं वनच आहे. 12 डिसेंबर 1996 च्या आधी जे उभं राहिलं त्याला मार्ग काढून देता येईल, बाकीच्यांना सहजासहजी नाही.

झाडाचा पत्ता नाही आणि तरी वन? असं वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर त्या 1996 च्या तारखेत आहे. त्या दिवशी गोदावर्मन खटल्यात न्यायालयाने ठरवून टाकलं की मालक कुणीही असो, शब्दकोशात ज्याला वन म्हणतात ते वन. आणि सरकारी दप्तरात ज्याची वन म्हणून नोंद आहे तेही वन. दोन्हीकडे 1980 चा वनसंवर्धन कायदा लागू. 2023 मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती करून ही व्याप्ती आवळली, तेव्हा प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अंतरिम आदेश झाला, की तूर्त 1996 चाच अर्थ धरून चाला.

हा झाला कागदाचा हिशेब. दुसरा हिशेब आकाशातून होतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजते. तिची कसोटी अशी, की तुकडा किमान एक हेक्टरचा हवा आणि त्यातल्या 10 टक्के जागेवर झाडांच्या माथ्याची सावली हवी. झाड कोणतं, लावलं कुणी, जमीन कुणाची, हे विचारायचं नाही. म्हणून हापूसची बागही यात येते, दोडामार्गातली रबराची लागवडही येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग निम्म्याहून अधिक हिरवे दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. गडचिरोलीचा दोन-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे, लातूर-सोलापुरात एक टक्काही नाही. सगळ्या राज्याचं मिळून साडेसोळा टक्क्यांच्या आसपास भरतं, जवळपास 51 हजार चौरस किलोमीटर. कागदावरचं वनक्षेत्र मात्र 62 हजार चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे राज्याच्या 20 टक्के. 33 टक्क्यांचं राष्ट्रीय उद्दिष्ट आपण 1952 पासून ऐकतो आहोत. पर्यावरण दिनाच्या भाषणात यातला सोयीचा आकडा निवडता येतो, आणि निवडला जातो.

या दोन्ही हिशेबांत एक माणूस कुठेच नाही. पहाटे टोपली घेऊन जंगलात जाणारी बाई. तिला जंगल कशाला म्हणायचं हे न्यायालयाने सांगावं लागत नाही. या लेखाला तिच्या टोपलीपर्यंत पोचायचं आहे, पण आधी झाडांकडे बघू. जंगल म्हणून आपण जे एकच नाव घेतो, त्यात एकमेकांचं तोंडही न पाहिलेली जंगलं आहेत.

हॅरी चॅम्पियन आणि एस. के. सेठ या दोन वनाधिकाऱ्यांनी 1968 मध्ये भारतातल्या जंगलांची जी वर्गवारी केली, ती आजही वनखात्याचा आधार आहे. तिच्यात जंगलांचे 16 मुख्य गट आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला सदाहरितपासून काटेरीपर्यंत त्यातले बरेच आले. ते बघायला ग्रंथ उघडायची गरज नाही. महाबळेश्वरहून वाईला उतरणाऱ्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली की पुरे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथलं रान बाराही महिने हिरवं. पण उंच नाही. जांभ्यावर माती थोडी आणि वारा फार, त्यामुळे जांभूळ, अंजनी, पिसा, गेळा ही झाडं बुटकी आणि वाकडी राहतात. खोडांवर शेवाळं आणि आमरीचे झुबके असतात. उतारावर कारवी. सात-आठ वर्षांतून एकदा ती फुलते तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो येतात. एरवी तिच्या काठ्यांनी घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांचे कुड उभे केले, त्याची बातमी होत नाही. गाडी पाचगणीला येते तोवर पाऊस दोन हजारांच्या आसपास उतरलेला असतो. पसरणीच्या घाटातून खाली वाईत आलात की सातशे-आठशे. घाटाच्या उतारांवर आता पळस, गवत, काटेरी झुडपं. बत्तीस-तेहतीस किलोमीटरांत, तासाभरात, सदाहरितातून कोरड्या रानात. सह्याद्री ढग अडवतो, त्याच्या पाठीमागे ते रिकामे होऊन पोचतात. महाराष्ट्रातलं कुठलं रान कसं, याचा निम्मा उलगडा या एका प्रवासात होतो.

उरलेला निम्मा पानगळीत आहे. आपल्याकडे पाऊस चार महिने, पुढचे आठ महिने कोरडे. पानांतून पाणी सतत उडत असतं. ज्या झाडाच्या मुळांना उन्हाळ्यात पाणी पुरणार नाही ते पानंच टाकून देतं. दुष्काळात घरात खाणारी तोंडं कमी करावीत, तसा हा प्रकार. कोकणात ऐन, किंजळ, नाणा यांची आर्द्र पानझडी राई थोडाच काळ उघडी पडते. विदर्भात साग, धावडा, बिजा, सालई यांचं शुष्क पानझडी जंगल फेब्रुवारी-मार्चपासून नुसते सांगाडे घेऊन उभं असतं. मुंबई-पुण्याचा पाहुणा मार्चमध्ये मेळघाटात येतो आणि जंगल मेलं म्हणून हळहळतो. मोह त्याच दिवसांत फुलतो, पळस पेटतो, तेंदूची नवी पालवी फुटायच्या बेतात असते. गावाच्या पोटाचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो.

किनाऱ्यावर तिसरीच तऱ्हा. खाडीच्या खाऱ्या चिखलात तिवर आणि चिपी उभ्या असतात. चिखलात हवा नाही म्हणून मुळं जमिनीतून वर बोटं काढून श्वास घेतात. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकते. या कांदळवनाच्या पायाशी चिंबोरी, कोळंबी आणि मासळीची पिलावळ वाढते. ते तुटलं की काही वर्षांनी खाडीतलं जाळं रिकामं येतं, हे कोळ्यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली, 2012 मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट पर्यटकांना होडीतून हे रान दाखवतो आणि त्यावर घर चालवतो. मानमरातबापेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

आणि देवराई. कोकणात देवरहाटी. काळकाई, वाघजाई, सोमजाई, भैरी यांच्या नावाने राखलेला तुकडा; कधी एकरभर, कधी डोंगराची अख्खी कूस. फांदीसुद्धा न्यायची नाही असा दंडक. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या आणि भक्तीचा विषय शास्त्राच्या पानावर आला. आजूबाजूचा डोंगर बोडका झाला असताना जुनी झाडं, प्रचंड वेली, बारमाही झरे या तुकड्यांत टिकले होते. भीमाशंकरजवळच्या आहुपे गावाची देवराई अशांपैकी एक. देवीच्या धाकाने रान वाचलं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण झऱ्याचं पाणी खाली भातखाचरांत उतरतं, हे गावाला पक्कं ठाऊक असतं. धाक आणि व्यवहार असे एकाच गाठीत बांधलेले असतात. आज देवीचा धाक कमी झाला नाही, उलट वाढलाय, पण तो झाडांवरून सरकून देवळावर गेला आहे. जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडं पाडून सिमेंटचा सभामंडप उभा करण्याचा उत्साह कोकणात आणि मावळात गावोगाव दिसतो.

पाण्यावरून एक गैरसमज निघतो तो इथेच बाजूला करावा. झाडं पाऊस आणतात, असं शाळेपासून शिकवतात. सह्याद्रीत पाऊस आणतो तो डोंगर आणि नैर्ऋत्येचा वारा. जंगलाचं काम पाऊस पडल्यावर सुरू होतं. पानांचे थर थेंबाचा मार मोडतात, खालचा पालापाचोळा आणि मुळांनी सैल केलेली माती पाणी मुरवून घेते आणि ते महिनोन्‌महिने हळूहळू सोडते. उघड्या डोंगरावर तेवढाच पाऊस पडतो. तो माती घेऊन दोन तासांत ओढ्याला लागतो आणि फेब्रुवारीत विहीर तळ दाखवते. मुंबईने 1860 मध्ये नळाचं पाणी प्यायला सुरुवात केली ती विहार तलावातून. तो तलाव आणि तुळशी, दोन्ही आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. तानसाच्या भोवती अभयारण्य आहे. मुंबईकर जंगलाकडे सहलीची जागा म्हणून बघतो. नळ सोडताना त्याला ते आठवत नाही.

आता अशा रानाकडे, ज्याला आपण रान मानतच नाही. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग. बोर, बाभूळ, हिवर, आणि मैलोन्‌मैल गवत. माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड, तरस यांचं हे घर. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचं चराऊ रान. 1979 मध्ये नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य झालं, 1980 मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी. पण उपग्रहाच्या हिशेबात गवत शून्य. महसुलाच्या हिशेबात ‘पडीक’. मग त्यावर उपकार म्हणून खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावतात. राज्याने 2016 ते 2019 या चार पावसाळ्यांत 2 कोटी, 4 कोटी, 13 कोटी आणि 33 कोटी झाडांची उद्दिष्टं जाहीर केली. झाड लावायला कुणाचा विरोध असणार? पण गवताच्या माळावर झाडी दाटली की पवन्या-मारवेल ही सकस गवतं मागे हटतात, काळवीट बिथरतं आणि मेंढपाळाची वाट बंद होते. जंगल वाढवायच्या नादात आपण एक परिसंस्था मोडतो आणि तिची बेरीज यशात करतो. माळढोक आता राज्यात जवळपास दिसेनासा झाला आहे. त्याला इतरही कारणं आहेत, पण झाडांची हौस त्यात नाही असं म्हणवत नाही.

आता टोपलीकडे.

मार्चअखेर, गडचिरोली जिल्ह्यात कुठल्याही गोंड गावात, मोहाची फुलं रात्री फुलतात आणि पहाटेपासून टपटपू लागतात. उन्हं चढायच्या आत वेचायला हवीत. घरातलं प्रत्येक झाडाखाली जातं, पोरंसुद्धा. कुठलं झाड कुणाच्या घराचं, हे कागदावर नसतं, पण गावाला पाठ असतं. फुलं वाळवून साठवतात. खायला, विकायला, आणि हो, दारू गाळायलाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. त्यामुळे हे फूल फार वर्षं पोलिसांच्या संशयात राहिलं, पण वाळलेल्या मोहाची भाकर आणि लाडू खाऊन लोकांनी दुष्काळ काढले आहेत, हे त्या संशयात हरवलं. पुढे मोहाच्या बिया, त्यांचं तेल. एप्रिल-मे लागला की चार, म्हणजे जिच्या बीची चारोळी आपण श्रीखंडावर पेरतो, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं. पाऊस पडला की वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, आणि वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळंबी. त्यानंतर मध, डिंक, आवळा. शेतात एकच धानाचं पीक निघतं, आणि तेही लहरी पावसावर. वर्षाचे उरलेले महिने जंगल भरून काढतं. पश्चिमेकडे जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळ्यांचं हेच गणित हिरड्यावर चालतं. वाळवलेला बाळहिरडा हे त्यांचं नगदी पीक. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं उन्मळली, तेव्हा भरपाईसाठी त्यांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. आंबा पडला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं हे यंत्रणेला लगेच पटतं. हिरडा पडला तर तसं होत नाही.

रोख पैसा मात्र तेंदूपत्त्यात. मे महिन्यात दोन-तीन आठवड्यांचा हंगाम. पहाटे पानं तोडायची, घरी आणून सगळ्यांनी बसून 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. विडीचं हे पान. पुढच्या खरिपाचं बियाणं आणि पोरांच्या वह्या या पंधरा-वीस दिवसांतून निघतात. याच दिवसांत वाघाचीही भीती असते. मे 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताडोब्याच्या वाघांवर देशभरातून पर्यटक येतात, हॉटेलं चालतात. जंगलाचे फायदे सांगताना हा खर्च कुणाच्या नावावर पडतो तेही लिहायला हवं.

हे सगळं जंगल देतं, पण 1878 च्या आणि नंतर 1927 च्या भारतीय वन कायद्याने ते सरकारचं झालं होतं. राखीव आणि संरक्षित अशा पाट्या लागल्या. जी गोष्ट आजोबा हक्काने आणत होते ती नातू चोरून आणू लागला. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मिठाचा सत्याग्रह जगाला माहीत आहे, गवताचा आपल्यालाही धड आठवत नाही. आणि स्वातंत्र्यानंतरही 1927 चाच कायदा चालू राहिला.

त्या कायद्यात बांबू हे झाड होतं. वनस्पतिशास्त्रात तो गवताच्या कुळातला. फरक अभ्यासकांपुरता नव्हता: झाड म्हटलं की ते खात्याचं, आणि खात्याने बांबूचे पट्टे कागद कारखान्याला दिले होते. जंगलाशेजारच्या बुरडाला टोपली विणायला बांबू मिळायची मारामार आणि ट्रक भरभरून बल्लारपूरच्या कारखान्याला जाणार. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या पाचशेच्या आतबाहेर वस्तीच्या गोंड गावाने हे मान्य केलं नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत; ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा तिथलीच. पण मला घोषणेपेक्षा त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एक जरी माणूस अडून बसला तरी थांबायचं, पुन्हा बोलायचं. निर्णयाआधी अभ्यास गट बसतो, कायदा वाचतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारतो. आग्या मोहोळ न जाळता मध कसा काढायचा, हेही गाव असंच शिकलं.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात बसवलं आणि ग्रामसभेच्या सामूहिक हक्काला मान्यता दिली. मेंढा आणि शेजारचं मर्दा या गावांना 2009 मध्ये हा हक्क मिळाला, देशात सर्वांत आधी. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे 1,800 हेक्टर. तरीही बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागणार, आणि परवान्याचं पुस्तक खात्याकडे. म्हणजे माल तुमचा, गेट आमचं. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका पावतीपुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला गडचिरोलीच्या खेड्यात यावं लागतं, यावरून सत्ता नेमकी कुठे अडकलेली असते ते कळतं. 1927 च्या कायद्यातून वनाबाहेरच्या बांबूचं ‘झाडपण’ काढायला मात्र 2017 उजाडलं.

गावाच्या हाती जंगल दिलं की ते ओरबाडून संपवतील, ही धास्ती शहरात आणि खात्यातही खूप आहे. काही ठिकाणी तसं झालंही असेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने काय केलं ते मात्र ऐकण्यासारखं आहे. 2012 मध्ये त्यांना हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता तेंदूचा पैसा सरळ गावाला येणार होता. गावाने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. चांगलं पान यावं म्हणून झुडपं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात. फळ धरत नाही आणि फळ खाणारी पाखरं उपाशी राहतात, असा त्यांचा युक्तिवाद. त्याऐवजी बांबू, तोही नियम घालून, ठरवून, मोजून तोडायचा आणि लिलावाने विकायचा. कामाला गावाबाहेर जाणारे हात त्यावर गावातच लागले. पलीकडे अमरावती जिल्ह्यात पायविहीरने आपल्या वाट्याच्या सुमारे 193 हेक्टर उजाड टेकाडावर पुन्हा रान उभं केलं आणि त्यातली सीताफळं शहरात विकायला काढली. 2014 मध्ये त्यांना जैवविविधतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सगळीच गावं अशी नाहीत. मेंढ्यासारखी गावं किती, तर बोटांवर मोजण्याइतकी. अनेक ग्रामसभांचे दावे मंजूर झाले, पण तेंदूचा ठेकेदार तोच, दर ठरवणारा तोच, ग्रामसभा नावाला. व्यवस्थापन आराखडा बनवायचा तर नकाशा, कक्ष क्रमांक, रोपांची गणती हे खात्याच्या भाषेतलं काम. ते गावाला करून देणारं कुणी नसतं. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान वाजतगाजत गेलं, नव्या संसदेतही नागपूरचं सागवान बसलं. चांदा-आलापल्लीच्या सागाची ही कीर्ती जुनी आहे. त्या सागाच्या शेजारी मोह वेचणाऱ्या गावांत हक्काचे अर्ज अजूनही तालुक्याच्या कपाटांत पडून आहेत.

आणि झुडपी जंगलाच्या त्या 86 हजार हेक्टरांचं पुढे काय? निकालाने जमीन वन ठरली, म्हणजे ती वनखात्याकडे जाईल. पण ती मुळात गावाच्या गुरांची आणि सरपणाची जागा. वनहक्क कायदा तिथेही लागू होतो, म्हणजे तिच्यावर सामूहिक दावा करता येतो. तो करायला आधी त्या सहा जिल्ह्यांतल्या गावांना आपल्या कोणत्या गटक्रमांकावर ‘झुडपी जंगल’ लिहिलंय ते तलाठ्याकडे जाऊन बघावं लागेल, जुन्या निस्तार पत्रकात आजोबांचे कोणते हक्क नोंदले होते ते शोधावं लागेल, आणि मग ग्रामसभेचा ठराव.